बर्लिनमधलं एक सेमिस्टर: लेकीला वरखर्चाला किती पैसे द्यावेत?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही सांगलीचे. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. विनिमय योजनेतून ऑक्टोबर ते मार्च बर्लिनला जाणार आहे. तिथली ट्यूशन फी माफ आहे, वसतिगृहात खोली मिळाली आहे, भाडं ३९० युरो. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे भरतोच आहोत. त्याशिवाय वरखर्चाला महिना किती पाठवावेत? कुणी १०० युरो सांगतं, कुणी ५००. तिला कमी पडू नये आणि उधळपट्टीही होऊ नये. नक्की आकडा सांगाल का?"

ताई, आकडा विचारलात म्हणून आधी आकडाच सांगते. भाडं, विमा, फोन असे बांधलेले खर्च गेल्यावर महिन्याला साधारण ३५० ते ४०० युरो. यात किराणा आला, कॉलेजातलं जेवण आलं, साबण-शांपू, मैत्रिणींबरोबर कॉफी आणि फिरणंसुद्धा आलं. पण 'दर महिन्याला ३७५ पाठवायचे' असा याचा अर्थ घेतलात तर तिचा ऑक्टोबर रडत जाईल आणि मार्चमध्ये सगळ्या मुली रोमला निघाल्या की ही खोलीत बसेल. सेमिस्टरचा खर्च दरमहा सारखा नसतो. ऑक्टोबर अंगावर येतो, नोव्हेंबर गप्प असतो, डिसेंबर खिसा कापतो, जानेवारी भिकेचा, आणि फेब्रुवारी-मार्च प्रवासाचे. सरासरी काढून त्यावर घर चालत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात चौदा वर्षं विनिमयाचं काम बघते आहे. त्याआधी स्वतः एक हिवाळा बर्लिनमध्ये विद्यार्थिनी म्हणून काढला. परत आलेल्या मुलांकडून मी अनुभवाचा निबंध मागत नाही, खर्चाचा हिशेब मागते. निबंधात सगळेच आनंदी असतात.

आता तुमच्या प्रश्नातला एक शब्द दुरुस्त करते, कारण तिथेच लाखभर रुपयांचा घोळ आहे. 'त्याशिवाय'. ब्लॉक्ड अकाउंट ही कुणाला दिलेली फी नव्हे. ते तुमच्या मुलीचेच पैसे आहेत. जर्मन दूतावासाला फक्त एवढंच बघायचं असतं की ही मुलगी तिथे उघड्यावर पडणार नाही. म्हणून तुम्ही आधी रक्कम भरायची आणि ती तिला महिन्याच्या हप्त्याने परत मिळायची. सप्टेंबर २०२४ पासून हा हप्ता ९९२ युरो आहे, वर्षाला ११,९०४. सहा महिन्यांना ५,९५२. म्हणजे तिचं भाडं, तिचा विमा आणि तिचा वरखर्च, सगळं याच ९९२ मधून जायचं आहे. त्यावर आणखी ५०० पाठवलेत तर ती वाईट मुलगी होणार नाही, पण तिचा हिशेब कधीच बसणार नाही.

वजाबाकी करून बघा. ३९० भाडं. सरकारी आरोग्य विमा विद्यार्थ्यांना महिना १४५ ते १५० च्या आसपास पडतो. फोनचं प्रीपेड कार्ड १०. आणि एक खर्च जो कुणीच सांगत नाही: रेडिओ-टीव्हीची वर्गणी, १८ युरो ३६ सेंट. घरात टीव्ही नसला तरी ती द्यावी लागते, कारण ती दर घरामागे आहे. पत्ता नोंदवला की काही आठवड्यांत त्याचं पत्र येतं, आणि मुलं ते जाहिरात समजून कचऱ्यात टाकतात. मग स्मरणपत्र, मग दंड. ती सामायिक फ्लॅटमध्ये असेल तर एका घराला एकच वर्गणी, सगळ्यांनी वाटून घ्यायची. वसतिगृहाच्या सार्वजनिक व्हरांड्यातून थेट खोलीत जाणारं स्वतंत्र दार असेल, तर स्वयंपाकघर सामायिक असलं तरी पूर्ण तिची. खोली कुठल्या प्रकारची आहे हे आत्ताच विचारून ठेवा. हे सगळं मिळून ५७० च्या घरात जातं. उरतात ४२० च्या आसपास. तेवढ्यात नीट राहता येतं. चैन नाही, पण कष्टही नाहीत.

राहिला ऑक्टोबर.

ऑक्टोबरची गंमत अशी की पैसे असतात, पण हातात नसतात. ब्लॉक्ड अकाउंटमधून हप्ता सुटायला तिथे चालू खातं लागतं. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी पत्त्याची नोंदणी लागते. घरात राहायला गेल्यापासून चौदा दिवसांत ही नोंदणी करायची असा नियम, आणि बर्लिनच्या नागरिक कार्यालयात वेळ मिळणं म्हणजे दिवाळीत कोयना एक्सप्रेसचं आरक्षण मिळण्यासारखं. नोंदणीला पैसे पडत नाहीत, पण पहिला हप्ता हातात यायला तीन-चार आठवडे सहज जातात. नेमक्या त्याच आठवड्यांत पहिलं भाडं, ठेव, विद्यापीठाची सेमिस्टर वर्गणी आणि घर मांडायचा खर्च समोर उभा राहतो. ठेवीला कायद्याने मूळ भाड्याच्या तीन महिन्यांची मर्यादा आहे. वसतिगृहात ती बहुधा बरीच कमी असते, पण असते. ट्यूशन फी माफ असली तरी सेमिस्टर वर्गणी काही विनिमय योजनांत भरावी लागते, काहींत तीही माफ असते. पत्र पुन्हा वाचा. भरावी लागली तरी चिडू नका, तिच्यात सहा महिन्यांचा रेल्वे-बसचा पास आहे. त्याबद्दल पुढे.

म्हणून निघताना तिच्याजवळ, ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर, १,२०० ते १,५०० युरो हवेत. त्यातले तीनशे-चारशे रोख, तेही पाच, दहा, वीस, पन्नासच्या नोटांत. दोनशेची नोट बेकरीत पुढे केली तर बाई अशी बघते की आपणच ती छापली. बाकीचे फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधी युरो भरून ठेवलेल्या कार्डावर. हे १,५०० वरखर्च नव्हेत, ही बस्तान बसवायची रक्कम. यातली ठेव परत येणार आहे. हप्ते सुरू झाले की उरलेलं तिने बाजूला ठेवायचं. हे तिला निघण्यापूर्वी स्पष्ट सांगा, नाहीतर कार्डावर दिसणारे पैसे खर्चायचेच असतात असं वीस वर्षांच्या मुलांना वाटतं.

विमानतळावरचा पहिला धडा माझ्याच खर्चाने घ्या. बर्लिनचे तिकिटाचे तीन पट्टे आहेत: अ, ब आणि क (A, B, C). शहर बहुतेक सगळं अ-ब मध्ये येतं, नवा विमानतळ मात्र क मध्ये. यंत्रावर अ-ब चं तिकीट समोरच दिसतं, थोडं स्वस्तही असतं, आणि थकलेलं पोर तेच घेतं. क पट्ट्यासकटचं तिकीट ५ युरोंच्या आसपास आहे, चुकीच्या तिकिटावर सापडलं तर दंड ६० युरो. शिवाय यंत्रातून काढलेलं कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या पेटीत शिक्का मारून घ्यावं लागतं. तिकीट खिशात असून मी दंड भरलाय, शिक्का नव्हता म्हणून. माझ्या वेळी दंड ४० होता. त्या चाळीसमध्ये माझा आठवड्याचा किराणा आला असता, हे मला अजून आठवतं. तपासनीस साध्या कपड्यात असतात आणि 'मी नवीन आहे' हे वाक्य त्यांनी रोज दहादा ऐकलेलं असतं.

घर मांडायचा खर्च कमी करायला सांगलीतूनच सुरुवात होते. वसतिगृहात पलंग आणि गादी असते, पण उशी, पांघरूण, चादर बहुधा नसते. ते तिथेच घ्या, बॅगेतली जागा त्यात घालवू नका. जागा कुकरला द्या. तीन लिटरचा, स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा. अॅल्युमिनिअमचा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर नुसता बसून राहतो. आपल्या मोबाइल चार्जरची दोन गोल पिनांची खुंटी तिथल्या सॉकेटमध्ये बसते, तीन पिनांची बसत नाही. त्यामुळे एकच अॅडॉप्टर आणि त्याला जोडायला इथलं एक एक्स्टेंशन बोर्ड, एवढं पुरतं. गरम कोट पुण्यातून घेऊ नका. इथला 'हिमालयन' जॅकेट महाबळेश्वरला पुरतो. बर्लिनचा जानेवारी शून्याच्या आसपास, कधी उणे दहा. फ्रँकफुर्टर टोरला जुन्या कपड्यांचं मजल्यांवर मजले असलेलं हुमाना नावाचं दुकान आहे, रविवारी माउअरपार्कचा जुना बाजार भरतो. तिथे वापरलेला चांगला कोट नव्याच्या पाव किमतीत मिळतो. परतताना तोच दुसऱ्या कुणाला विकता येतो. बूट मात्र नवे आणि चांगले घ्यायचे. ओले पाय आणि सर्दी यात जो पैसा जातो तो हिशेबात दिसत नाही.

खाण्यावर थोडं जास्त बोलते, कारण ३७५ मधले २०० तिथेच जाणार आहेत आणि शिस्त लावली तर तिथेच लागते.

पहिले तीन आठवडे प्रत्येक मुलाला रुपयांचा ताप येतो. कॉफी ३ युरो ८० सेंट म्हणजे चारशे रुपये! डोनर, म्हणजे तुर्की पद्धतीचा भरलेला पाव, सात युरो, म्हणजे सातशेच्या वर! मग मूल काहीच खात नाही. माझ्याकडचा एक मुलगा पूर्ण ऑक्टोबर ब्रेड, जॅम आणि मॅगीवर राहिला, आईला रोज सांगायचा 'जेवलो'. नोव्हेंबरात आजारी पडला. बरा झाल्यावर त्याने दोन शनिवार-रविवारांत तीनशे युरो उडवले, कारण उपाशी माणूस सुटला की सुटतो. त्याच्या वहीत ऑक्टोबरचा खर्च बघून मी त्याचं कौतुक केलं होतं. चूक माझी. रुपयांत गुणाकार करणं थांबवायला लावा. तिने तुलना तिथल्याच वस्तूंशी करायची: कॉफी ४ युरोंची, तर मेन्झातलं जेवणही साधारण तेवढ्याचंच.

मेन्झा म्हणजे विद्यार्थ्यांची खानावळ. बर्लिनमध्ये विद्यार्थ्याला साधं गरम जेवण ३-४ युरोंत मिळतं, त्याच ताटाला बाहेरच्या माणसाकडून जास्त घेतात. शाकाहारी असाल तर जर्मनीची भीती बाळगू नका. तिथल्या फ्राये विद्यापीठाची एक मेन्झा २०१० पासून पूर्ण शाकाहारी आहे, आणि बाकी मेन्झांतही रोज एखादा पदार्थ असतोच. मात्र मेन्झा दुपारची. रात्रीचा स्वयंपाक तिचा तिने करायचा. आठवड्यात चार दुपारी मेन्झा, बाकी घरचं, असं धरलं तर आठवड्याला ५० युरोंत उत्तम भागतं: पंधरा मेन्झाचे, पस्तीस किराण्याचे.

किराणा कुठे? आल्डी, लिडल, पेनी, नेटो ही स्वस्त दुकानं, रेवे आणि एडेका जरा वरची. मसूर डाळ सगळीकडे मिळते आणि स्वस्त असते. तूरडाळीसाठी भारतीय दुकानात जावं लागतं, म्हणून महिन्यातून एकच फेरी. पिठाच्या पुडीवर आकडा असतो. ४०५ म्हणजे आपला मैदा, त्याच्या पोळ्या चामड्यासारख्या होतात. १०५० चं घ्यायचं, नाहीतर भारतीय दुकानातला आटा. दही भरपूर आणि चांगलं मिळतं. आणि क्वार्क नावाचा पदार्थ दिसला तर ओळखून ठेवायला सांगा. तो जवळजवळ आपला चक्काच. साखर, वेलची घातली की पाडव्याचं श्रीखंड दोन युरोंत. मराठी मुलांना बर्लिनमध्ये मित्र मिळवून देणारा याच्याइतका स्वस्त पदार्थ मी पाहिला नाही.

भाजी घ्यायची मायबाखउफरच्या तुर्की बाजारातून. कालव्याच्या काठाने मंगळवारी आणि शुक्रवारी भरतो. संध्याकाळी आवरायच्या वेळी गेलं की उरलेल्या भाज्यांचे वाटे युरो-युरोला ओरडून विकतात. सांगलीचा आठवडी बाजार पाहिलेल्या मुलीला तिथे काहीही शिकवावं लागणार नाही.

तुम्ही बॅग भरताना मात्र एक लक्षात ठेवा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, खव्याची बर्फी नाही. बहुतेक फळांना आणि ताज्या पाल्यालाही आरोग्य प्रमाणपत्र लागतं, तेव्हा कढीपत्त्याची जुडी आणि आंबा दोन्ही विसरा. गोडा मसाला, मेतकूट, सुकी चटणी, आमसुलं, भडंग आणि आपल्या सांगलीची हळद खुशाल द्या. तुपाची काळजी नको. बिनमिठाचं लोणी तिथे प्रत्येक दुकानात मिळतं. ते कढवायला तिला शिकवून पाठवा, सोपं काम आहे.

दोन-तीन बारीक सवयी अशा आहेत की ज्या इथून सांगितल्या तर पहिल्याच महिन्यात पैसे वाचतात. प्लॅस्टिकच्या बहुतेक बाटल्यांवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते. दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली घातली की पावती मिळते आणि ती बिलात वळती होते. पाणी विकत घ्यायचंच नाही, नळाचं पितात. रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी किराणा विसरला की रविवारी मोठ्या स्टेशनातल्या दुकानात किंवा कोपऱ्यावरच्या श्पेटीत, म्हणजे उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, तोच ब्रेड जास्त भावाने घ्यायचा. सार्वजनिक स्वच्छतागृहाला ५० सेंट ते एक युरो पडतो, म्हणून विद्यापीठातून निघतानाच जाऊन यायचं. आणि बर्लिन हे अजूनही बऱ्यापैकी रोखीचं शहर आहे. छोट्या खाणावळीत 'फक्त रोख' अशी पाटी दिसते, तेव्हा पाकिटात वीस-तीस युरो कायम हवेत.

डिसेंबरबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला हवं, कारण तो महिना हिशेबाने समजत नाही. चारच्या आत सूर्य मावळतो. नाताळचे बाजार भरतात, गरम वाइनचा आणि भाजलेल्या बदामांचा वास, सगळीकडे दिवे. प्रत्येक पेल्याला चार-पाच युरो, वर पेल्याची अनामत. त्यात शेवटच्या आठवड्यात वसतिगृह रिकामं होतं, जर्मन मुलं घरी जातात, दुकानं सलग बंद. मुलं मग एकटेपणाला कंटाळून आयत्या वेळी कुठलं तरी महागडं विमान पकडतात. मी बघितलेल्या हिशेबांत सर्वात मोठा एकरकमी आकडा बहुधा याच आठवड्यातला असतो. उपाय पैशाचा नाहीच. ऑक्टोबरमध्येच तिला विचारून ठेवा, नाताळात कुणाबरोबर राहणार? चार भारतीय मुलं एकत्र राहून आठवडाभर स्वयंपाक करतात तो आठवडा वर्षातला सर्वात स्वस्त असतो. आणि त्या महिन्यात तिने ५० युरो जास्त मागितले तर द्या, कारण विचारू नका.

आता फिरणं. मुलांच्या डोक्यात युरोप म्हणजे ऑक्टोबरमध्ये पॅरिस, नोव्हेंबरमध्ये अॅमस्टरडॅम. खरी वेळ वेगळी आहे. जर्मनीत बहुतेक विद्यापीठांत हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतं, पण तासिका फेब्रुवारीच्या मध्याला संपतात. परीक्षा आटपल्या की मार्चअखेरपर्यंत चार-पाच आठवडे मोकळे. तेव्हा हंगाम मंद असतो, तिकिटं आणि होस्टेल (प्रवाशांच्या राहण्याच्या साध्या जागा) स्वस्त असतात आणि दिवस मोठा व्हायला लागलेला असतो. म्हणून फिरण्याचे महिना १०० युरो तिने दरमहा खर्चायचे नाहीत, साठवायचे. सहा महिन्यांचे सहाशे. त्यात मार्चमध्ये प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट असा बसने आणि होस्टेलने दहा-बारा दिवसांचा फेरा आटोपशीरपणे होतो. विमानाने जायचंच असेल तर तिकिटाचा भाव बघून हुरळू नका. स्वस्त विमान कंपन्या बॅगेचे पैसे वेगळे घेतात, आणि ते कित्येकदा तिकिटापेक्षा जास्त असतात.

तोवर काय करायचं? इथे तो पास कामाला येतो. सेमिस्टर वर्गणीत येणारं विद्यार्थ्यांचं डॉइचलांडटिकेट शहरातल्या मेट्रो, ट्राम, बसवर तर चालतंच, शिवाय देशभरातल्या प्रादेशिक गाड्यांवरही चालतं. २०२५ मध्ये त्याचा भाव महिना ३४ युरो ८० सेंट होता, सामान्य माणसाच्या पासाच्या ६० टक्के. शनिवारी सकाळी डबा घेऊन निघायचं: पॉट्सडॅमचे राजवाडे, लाइपझिग, ड्रेस्डन, बाल्टिक समुद्रावरचं वार्नेम्युंडे. प्रवासखर्च शून्य. फक्त लांब पल्ल्याच्या जलद गाडीत चढायचं नाही, तिथे हा पास चालत नाही आणि तपासनीस हसतही नाही. बर्लिनमध्येही फुकट बघण्यासारखं इतकं आहे की सहा महिने पुरणार नाहीत: जुन्या बर्लिन भिंतीवरच्या चित्रांची ईस्ट साइड गॅलरी, आधी नाव नोंदवून संसदेचा काचेचा घुमट, फिलहार्मोनी या संगीत सभागृहाच्या बाहेरच्या दालनात दुपारचे मोफत कार्यक्रम. त्या दुपारच्या कार्यक्रमांना मी बऱ्याचदा गेले. शास्त्रीय पाश्चात्त्य संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आत उबदार असायचं.

पैसे पाठवण्याचं थोडक्यात. युरो २०२५ च्या सुरुवातीला ९० रुपयांच्या आत-बाहेर होता, वर्षअखेरीला शंभरी ओलांडून १०५ च्या आसपास गेला. ५,९५२ युरोंवर हा फरक जवळपास ९० हजारांचा होतो. तेव्हा घरचा हिशेब ११० च्या दराने मांडा, वाचले तर वाचले. ब्लॉक्ड अकाउंटचा एक फायदा यातच आहे: रक्कम ज्या दिवशी भरली त्या दिवशीचा दर पक्का झाला, पुढे रुपया घसरला तरी तिच्या हप्त्याला धक्का नाही. आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या आत पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर) कापला जात नाही, तुमची सगळी रक्कम त्यात बसते. भारतीय डेबिट किंवा क्रेडिट कार्ड तिथे रोज वापरायचं नाही. अनेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावर जीएसटी पडतो. ते कार्ड अडीअडचणीला. आणि कुठल्याही यंत्राने 'रुपयांत पैसे द्यायचे का?' असं विचारलं तर उत्तर नेहमी 'नाही, युरोत'. रुपयाचा पर्याय प्रेमळ दिसतो, पण दर त्यांच्या सोयीचा असतो. तिचं भारतीय सिम बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात आणि ते आले नाहीत तर स्वतःच्याच खात्याबाहेर उभं राहावं लागतं.

नोकरी करून वरखर्च काढीन असं ती म्हणेल. विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे आणि किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३ युरो ९० सेंट आहे, म्हणून आकडेमोड मोहात पाडते. पण जर्मन न येणाऱ्या मुलीला काम शोधायला दोन महिने लागतात, तोवर परीक्षा येतात. मिळालं तर करू दे. हिशेबात जमेला धरू नका.

आणि ५०० युरोंची एक रक्कम तुम्ही तुमच्याकडेच ठेवा. दात दुखला, लॅपटॉप पडला, व्हिसाची मुदत कमी पडून निवास परवाना काढावा लागला (त्याची फी १०० युरोंच्या घरात आहे), असल्या गोष्टींसाठी. ही रक्कम आहे हे तिला माहीत असावं, पण तिच्या कार्डावर नसावी.

तुम्ही रोज 'आज किती खर्च झाला?' विचारू नका. खोटं बोलायची सवय लागते, आणि ती पैशांपुरती राहत नाही. रविवारी एकदाच फोन, एकच प्रश्न: या आठवड्यात पन्नासच्या वर किती गेलं? ती म्हणाली साठ, तर ठीक. म्हणाली एकशे दहा, तर पुढचा प्रश्न 'कशावर?' नाही, 'पुढच्या आठवड्यात काय करशील?' एवढाच. माझ्याकडच्या ज्या मुलींचे हिशेब स्वच्छ आले त्यांच्यात बहुतेकींनी आठवड्याचे पैसे रविवारी काढून पाकिटात ठेवले होते. मोबाइलवर खर्चाची अॅप घेणाऱ्या मुलांचे तक्ते सुंदर असतात, शिल्लक मात्र नसते.

शेवटचा महिना सगळे विसरतात. खोली सोडायच्या आठवडाभर आधीपासून, सोडल्यावर दोन आठवड्यांपर्यंत, तिला पत्त्याची नोंद रद्द करून घेता येते. तो कागद जपून ठेवायचा, कारण विमा आणि रेडिओची वर्गणी थांबवायला तोच लागतो. न थांबवल्यास बिलं येत राहतात आणि ती सांगलीला पोहोचल्यावर त्यांचा पाठपुरावा करणं फार जड जातं. खोली स्वच्छ करून, फोटो काढून, चावी देऊन सही घ्यायची. ठेव लगेच मिळत नाही, काही आठवडे किंवा महिने लागतात, आणि ती जर्मन खात्यात येणं सोपं असतं. तेव्हा निघायच्या घाईत तिथलं खातं बंद करू नका म्हणावं. ठेव जमा झाली की पैसे इकडे वळवायचे आणि मगच खातं बंद करायचं. हे काम घरी बसून, मोबाइलवरूनही होतं.